साखरेच्या हिशेबात राहून गेलेले स्नायू

मधुमेह असलेल्या घरात प्रयोगशाळेचा अहवाल आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘साखर किती आली?’ उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे आकडे आता घरातील लहानथोरांना तोंडपाठ असतात. परंतु याच काळात वडीलधाऱ्यांच्या मांड्या बारीक होत चालल्या आहेत, पेढीवरील गादीवरून उठताना त्यांना हात टेकावा लागतो, मंदिराच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबतात, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. ‘आता वय झाले’ एवढ्या शब्दांत तो विषय संपतो.

या अशक्तपणामागे पुष्कळदा वयाइतकाच मधुमेहाचाही हात असतो. मधुमेह स्नायूंना दुबळे करतो आणि दुबळे झालेले स्नायू मधुमेह अधिक बळावण्यास कारण होतात. त्यामुळे उपचाराचा हेतू केवळ साखरेचा आकडा खाली आणणे एवढाच राहू नये. हातापायांतील बळ टिकवणे हाही त्याचाच भाग आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के प्रौढ त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. दिवसाचा बराचसा वेळ बसून व्यवहार पाहणाऱ्या व्यापारी कुटुंबांसाठी हा विषय म्हणूनच अगदी जवळचा आहे.

साखर जाते कुठे?

निरोगी प्रौढ माणसाच्या वजनापैकी साधारण एक-तृतीयांशाहून अधिक भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. चालणे, उचलणे, उठणे-बसणे ही त्यांची उघड दिसणारी कामे. न दिसणारे काम असे की, जेवणातून आलेल्या साखरेचे ते सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत.

पोळी, भात, मिठाई यांतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. त्याबरोबर स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. इन्शुलिनचा निरोप पोहोचला की स्नायूपेशीच्या आत दडलेले ‘ग्लुट-४’ नावाचे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि ग्लुकोजला आत घेते. रक्तातील इन्शुलिनची पातळी मुद्दाम उंच ठेवून केलेल्या प्रयोगांत, रक्तातून उचलल्या गेलेल्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के वाटा एकट्या स्नायूंनी घेतल्याचे आढळले आहे. हे ग्लुकोज स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. स्नायूंतील हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, तर यकृतातील सुमारे १०० ग्रॅम असतो. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात मात्र एका वेळी जेमतेम चमचाभर ग्लुकोज असते.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर रक्त हा रस्ता आहे आणि स्नायू हे गोदाम. गोदाम लहान झाले किंवा त्याचे दार उघडेनासे झाले, तर माल रस्त्यावरच पडून राहणार. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात नेमके हेच घडते. स्नायूपेशींत चरबीचे कण साचतात, इन्शुलिनचा निरोप आतपर्यंत पोहोचत नाही आणि दार अर्धवटच उघडते. यालाच इन्शुलिनला होणारा प्रतिरोध म्हणतात.

या गोदामाला दुसरेही एक दार आहे, ही आशेची गोष्ट. स्नायू आकुंचन पावतो, म्हणजे माणूस चालतो, पायऱ्या चढतो किंवा वजन उचलतो, तेव्हा तेच ‘ग्लुट-४’ इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता पृष्ठभागावर येते. मधुमेहातही हे दुसरे दार शाबूत असते. व्यायामाने साखर उतरते ती या कारणाने. आणि व्यायामानंतर काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत स्नायू इन्शुलिनलाही अधिक चांगला प्रतिसाद देतात.

झीज कशी होते?

मधुमेह आणि शरीराची झीज यांचे नाते प्राचीन वैद्यांच्या लक्षात आले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातील रोगी कृश तर दुसऱ्यातील स्थूल असल्याचे म्हटले आहे. ग्रीक वैद्य ॲरेटियस याने तर या रोगात अंगावरचे मांस वितळून मूत्रावाटे निघून जाते, असे वर्णन केले होते. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे ज्याला प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले, त्या लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाचे वजन जेमतेम ३० किलो होते. इन्शुलिन मिळताच त्याच्या अंगावर मांस धरू लागले आणि तो पुढे १३ वर्षे जगला. इन्शुलिन केवळ साखर उतरवत नाही. ते स्नायूंतील प्रथिनांची मोडतोडही थोपवते, हे त्या मुलाच्या उदाहरणातून जगाने पाहिले.

आजच्या मधुमेहात झीज इतकी उघड नसते. ती सावकाश आणि वजनाआड दडून होते. तराजूवरचा आकडा तोच राहतो. पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, असा बदल होत जातो. अमेरिकेत ७० ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर मांडीच्या पुढील स्नायूंचे बळ मोजण्यात आले. ज्यांना मधुमेह होता त्यांचे बळ इतरांच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने अधिक घटले होते.

याची कारणे अनेक आहेत. इन्शुलिनचा परिणाम उणावल्याने नवे स्नायूतंतू घडण्याचे काम मंदावते. दीर्घकाळ वाढलेली साखर पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या यंत्रणेवर आणि बारीक रक्तवाहिन्यांवर परिणाम करते. पायांच्या मज्जातंतूंना इजा झाली की त्यांच्या आज्ञेवर चालणारे स्नायूही सुकू लागतात. पावले जड पडतात, तोल जातो. क्वचित एका मांडीत अचानक तीव्र वेदना होऊन थोड्याच आठवड्यांत ती मांडी बारीक होते. हा संधिवात समजून तेल चोळत बसण्याचा प्रकार नसून मज्जातंतूंचा विकार असतो आणि त्यासाठी तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते.

अशक्तपणा आला की हालचाल कमी होते. हालचाल कमी झाली की स्नायू आणखी घटतात, साखर वाढते आणि औषधाची मात्राही वाढवावी लागते. हे चक्र मध्येच तोडले नाही तर शेवट पडण्यात आणि खुब्याचे हाड मोडण्यात होतो.

पुण्याच्या संशोधनाने काय दाखवले?

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग मधुमेह कसा?’ हा प्रश्न अनेक कुटुंबांत ऐकू येतो. त्याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची मोजमापे इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. पुण्याकडील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तेथील बालकांचे ३.५ किलो होते. भारतीय बालके सर्वच मापांनी लहान होती. परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. उणीव होती ती प्रामुख्याने स्नायूंची. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त, अशी ही शरीराची ठेवण जन्मापासूनच असते, असे या संशोधनाने दाखवले.

म्हणजे भारतीय माणूस स्नायूंचे भांडवल मुळातच थोडे घेऊन व्यवहार सुरू करतो. त्यातून मधुमेह आणि बैठे काम यांमुळे होणारी तूट त्याला अधिक जाणवणे स्वाभाविक आहे.

औषधे आणि स्नायू

मधुमेहाची औषधे स्नायूंच्या विरोधात नाहीत. साखर अनियंत्रित राहणे हेच स्नायूंचे सर्वांत मोठे नुकसान आहे. तरीही प्रत्येक औषधाची स्नायूंशी वागण्याची रीत निराळी असते आणि ती ठाऊक असली तर योग्य काळजी घेता येते.

मेटफॉर्मिन हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध. त्याच्या दीर्घकालीन सेवनाने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होऊ शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच थोडेफार मिळते. पुण्यातील ४४१ पुरुषांच्या एका पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ ची पातळी कमी आढळली होती. अशा स्थितीत वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल, तर हातापायांना मुंग्या, तोल जाणे आणि अशक्तपणा यांचे खापर निव्वळ मधुमेहावर फोडणे योग्य नाही. साध्या रक्ततपासणीने ब-१२ ची उणीव समजते आणि गोळ्या वा इंजेक्शनने ती भरून काढता येते. मधुमेह नसलेल्या वृद्धांवरील एका प्रयोगात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये वजन उचलण्याच्या व्यायामाने होणारी स्नायूंची वाढ काहीशी कमी दिसली. पण म्हणून औषध सोडावे असा त्याचा अर्थ होत नाही. मधुमेहींना या औषधाचे लाभ पुष्कळ आहेत.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या वर्गातील गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडायला लावतात. जेवण लांबले किंवा श्रम अधिक झाले तर त्यांनी साखर फार उतरू शकते. साखर उतरण्याच्या धास्तीने माणूस चालणे-फिरणेच सोडून देतो आणि तोटा शेवटी स्नायूंचा होतो. त्यापेक्षा मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणे श्रेयस्कर.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा चांगला उपयोग होतो. वजन घटते ते मुख्यतः चरबीचे. तरी काही अंश स्नायूंचाही असतो. सेमाग्लुटाइड आणि मार्च २०२५ पासून भारतात मिळू लागलेले टिर्झेपेटाइड या इंजेक्शनांनी भूक मंदावते आणि वजन झपाट्याने उतरते. अशा रीतीने उतरलेल्या वजनात एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक वाटा चरबीखेरीज इतर ऊतींचा, त्यात स्नायूंचाही, असू शकतो. म्हणून ही इंजेक्शने चालू असताना प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. लग्नसराईपूर्वी बारीक होण्यासाठी ती कोणी परस्पर घेत असेल, तर त्याला वेळीच थांबवले पाहिजे.

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. असे झाल्यास डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा गोळी बदलून देतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद केल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो.

उपवास, चौविहार आणि औषधांची वेळ

चातुर्मासात आणि पर्युषणात अनेक ज्येष्ठ मंडळी एकासना, आयंबिल, उपवास, अठ्ठाई अशी तपश्चर्या करतात. मधुमेहींनी ती करण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. सकाळची गोळी घेऊन दिवसभर काही न खाल्ल्यास किंवा सायंकाळच्या मात्रेनंतर चौविहारामुळे रात्रभर पाणीही न घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज ताबडतोब घेणे हाच उपचार आहे. पच्चक्खाणातच आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात. त्यांविषयी गुरुमहाराजांकडून आधीच समजून घेतले, तर ऐन वेळी मनात द्विधा राहत नाही.

लघवीवाटे साखर काढणाऱ्या औषधांसह निराहार राहिल्यास शरीरातील पाणी घटते आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन पूर्णपणे बंद करणे प्राणावर बेतू शकते.

स्नायूंचा विचार केला तर, निराहार अवस्थेत सुमारे एका दिवसात यकृतातील साठा संपत येतो आणि मग शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांतून काही ग्लुकोज तयार करते. तरुण शरीर ही तूट लवकर भरून काढते. साठीनंतर ती तितक्या सहजतेने भरत नाही. पारण्यानंतर वजन परत आले तरी त्यात चरबीचाच भाग अधिक असू शकतो. ज्यांचे स्नायू आधीच क्षीण आहेत, त्यांनी तपाची निवड करताना ही बाब ध्यानात घ्यावी.

ताटातील प्रथिने

भारतीय आहार शिफारशींनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या ज्येष्ठाला ६० ते ७२ ग्रॅम. आता घरचे ताट तपासावे. ३० ग्रॅम डाळीच्या एका वाटी घट्ट वरणात सुमारे ७ ग्रॅम, एका फुलक्यात जवळजवळ ३ ग्रॅम आणि एका पेला दुधात साधारण ६ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. दोन वाट्या वरण, सहा फुलके आणि एक पेला दूध मिळून बेरीज ४० च्या आतच राहते. वरण पातळ असेल तर तीही होत नाही. सकाळी चहा-खाकरा आणि दुपारी फरसाण यांतून या खात्यात फारसे काही जमा होत नाही.

तूट भरून काढण्याचे मार्ग स्वयंपाकघरातच आहेत. न्याहारीला ५० ग्रॅम मूगडाळीचे पोळे घेतले तर १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९, मूठभर भाजलेल्या चण्यांतून ६ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्यांचे निम्मे वजन प्रथिनांचेच असते. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा मूग, मटकी, चणे, तूर यांना ताटात आपोआप स्थान मिळते. मात्र त्या पदार्थांत तेल बेताचे हवे. कच्च्या दह्याबरोबर द्विदल न घेणाऱ्या घरांत एका जेवणाला डाळ आणि दुसऱ्या वेळी दूध-दही अशी विभागणी सहज करता येते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातील स्त्रियांकडे येथे विशेष लक्ष हवे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या पातळ आमटीवर जेवण उरकणाऱ्या गृहिणीच्या ताटात प्रथिने सर्वांत कमी असतात, आणि तिच्या अशक्तपणाची दखलही सर्वांत उशिरा घेतली जाते.

दुकान सांभाळून व्यायाम

ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात वजन अधिक असलेल्या प्रौढांना दर २० मिनिटांनी उठून दोन मिनिटे संथ चालायला सांगितले गेले. सलग बसून राहण्याच्या तुलनेत जेवणानंतर वाढणारी साखर त्यामुळे सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाली. पेढीवर बसणाऱ्यांसाठी हा धडा सोपा आहे : फोन आला की उभे राहून बोलावे, माल दाखवण्यासाठी स्वतः उठावे, निदान अर्ध्या तासाने एकदा दुकानाच्या दारापर्यंत जाऊन यावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांना आणखी एक सोय आहे. जेवण आणि झोप यांच्यामध्ये बराच अवधी असतो. त्यात १५-२० मिनिटांची शतपावली सहज बसते.

परंतु केवळ चालण्याने स्नायूंचे बळ पुरेसे वाढत नाही. आठवड्यातून १५० मिनिटे चालण्याखेरीज दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम लागतो. त्यासाठी व्यायामशाळा हवीच असे नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, कठड्याला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत नेणे, एवढ्याने सुरुवात होते. दर पंधरवड्याला संख्या किंवा वजन थोडे वाढवावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावे. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजने उचलू नयेत. पाय बधिर असलेल्यांनी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे टाळावे.

घरच्या घरी पारख

आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये स्नायूंच्या क्षीणतेसाठी काही मापे ठरवून दिली. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, सहा मीटर अंतर नेहमीच्या गतीने चालण्यास सहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, किंवा पोटरीचा सर्वांत जाड घेर पुरुषांमध्ये ३४ आणि स्त्रियांमध्ये ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. मुठीची पकड मोजणारे उपकरण अनेक भौतिकोपचार तज्ज्ञांकडे असते. त्यावर पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी भरणे हीही धोक्याची खूण आहे.

यासाठी घड्याळ आणि शिंप्याची टेप एवढेच साहित्य लागते. दर तीन महिन्यांनी साखर तपासली जाते, त्याच दिवशी घरातील नातवाने किंवा सुनेने ही तीन मापे घेऊन त्याच फाइलमध्ये लिहून ठेवावीत. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि तीन गोष्टी विचाराव्यात : ब-१२ ची तपासणी कधी झाली होती, चालू औषधांपैकी एखाद्याची मात्रा वा वेळ बदलण्याची गरज आहे का, आणि ताकदीचा कोणता व्यायाम करता येईल. साखरेचा आकडा उत्तम असूनही खुर्चीतून उठण्याचा वेळ वाढत चालला असेल, तर उपचार अजून अपुरा आहे असे समजून तेथूनच पुढचे बोलणे सुरू करावे.